पट्टे, लुकलुक आणि मधेच मंदावणं: घरी बनवलेल्या एलईडी लाइटचा दोष कसा शोधायचा

डोळ्यांना उजेड अगदी स्थिर दिसतो, पण फोनवर रेकॉर्ड केलं की चेहऱ्यावरून काळपट पट्टे सरकताना दिसतात. बल्ब बदलला, ॲडॅप्टर बदलला, एलईडी पट्टीचं नवीन रीळ आणलं. चार दिवस बरं गेलं आणि पट्टे परत हजर. घरगुती लाइटवर शूटिंग करणाऱ्यांची ही सगळ्यात जुनी तक्रार आहे. ती परत परत येण्याचं कारण म्हणजे ‘फ्लिकर’ या एका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळे दोष दडलेले असतात आणि माणूस निदान न करता सुटे भाग बदलत सुटतो. दोष बहुतेक वेळा एलईडीत नसतोच. तो शटरमध्ये (कॅमेरा एका फ्रेमसाठी किती वेळ उजेड घेतो ते), ड्रायव्हरमध्ये (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट), डिमरमध्ये (उजेड कमी-जास्त करणारा भाग) किंवा एखाद्या ढिल्या जॅकमध्ये असतो.

आधी पट्टे मोजा

फोनमध्ये प्रो मोड उघडा, शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान करा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवा आणि लाइटने उजळलेल्या पांढऱ्या भिंतीकडे कॅमेरा धरा. प्रो मोड नसेल तर स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवून पाच सेकंदांची क्लिप घ्या. घरातला पंखा आणि बाकीचे दिवे बंद हवेत.

फोनचा सेन्सर अख्खं चित्र एकदम टिपत नाही, एकेक ओळ वाचत जातो. वरपासून खालपर्यंत यायला साधारण १० ते २५ मिलिसेकंद लागतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात दोन शिखरं येतात, म्हणून तिच्यावर थेट चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. एक ठोका १० मिलिसेकंदांचा. त्यामुळे चित्रात एक-दोन रुंद, कडा विरलेले पट्टे दिसले, किंवा स्लो मोशनमध्ये अख्खं चित्र धडधडलं, तर दोष विजेच्या बाजूचा: बल्बचा ड्रायव्हर किंवा पुरवठा. दहा-वीस बारीक, कापल्यासारख्या रेघा दिसल्या तर दोष डिमरचा. काहीच दिसलं नाही, तरीही रेकॉर्डिंगमध्ये उजेड हलतोय, तर लाइट सोडा आणि पंखा, ऑटो एक्स्पोजर (कॅमेऱ्याने आपोआप उजळ-मंद करणं), ढिली जोडणी यांच्याकडे वळा.

पट्टे खरंच विजेचे आहेत की कशाची तरी सावली, अशी शंका असेल तर फोन आडव्याचा उभा करा. पट्टे फोनबरोबर फिरले तर ते सेन्सरच्या वाचनातून येताहेत. जागच्या जागी राहिले तर ती सावलीच आहे.

शटरने सुटत असेल तर लाइटला हात लावू नका

शटर १/५० ठेवलं की प्रत्येक ओळीला बरोबर दोन ठोक्यांचा उजेड मिळतो, १/१०० ला बरोबर एक. सगळ्या ओळींना सारखाच वाटा, म्हणून पट्टा नाही. १/६० ला एक ठोका पूर्ण आणि दुसऱ्याचा दोन तृतीयांश भाग येतो. कुठल्या ओळीच्या वाट्याला शिखर येतं, कुणाच्या वाट्याला दरी, आणि पट्टा तयार होतो. फोन आणि कॅमेरे बरेचदा ३० किंवा ६० फ्रेमवर सेट होऊन येतात आणि ऑटो शटर मनाला येईल ते आकडे निवडतं. तिथेच निम्मी भानगड होते.

कॅमेऱ्याच्या मेनूत एनटीएससीऐवजी (६० हर्ट्झची पद्धत) पाल (५० हर्ट्झची पद्धत) निवडा आणि २५ किंवा ५० फ्रेमवर शूट करा. २५ ला शटर १/५०, ५० ला १/१०० किंवा १/५०. २४ फ्रेमच हवे असतील तर १/४८ नको, १/५० ठेवा. शटर अँगलमध्ये मोजणाऱ्यांसाठी १७२.८ अंश. ३० फ्रेमलाही १/५० चालतं. ६० फ्रेमला १/५० शक्यच नाही, म्हणून १/१००. फोनच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर असेल तर ते ५० हर्ट्झवर हवं. ज्या फोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हाताने बदलता येत नाही, त्यासाठी शटरचा ताबा देणारं वेगळं ॲप घ्यावं लागतं.

पट्टे एका जागी थिजलेले दिसतात की सरकतात, यावरूनही अंदाज येतो. २५ आणि ५० ने १०० ला पूर्ण भाग जातो, म्हणून तिथे पट्टा जवळपास स्थिर राहतो. ३० ला तो फ्रेमगणिक उड्या मारतो. ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखणं अपेक्षित असतं, त्यामुळे स्थिर पट्टाही हळूहळू रांगतो. मैदानावरच्या कार्यक्रमात जनरेटरवर लाइट लावले तर हा फरक आणखी वाढतो, कारण लोड कमी असताना डिझेल जनरेटर ५० च्या वर पळतो. अशा ठिकाणी १/५० लाही पुसटसा पट्टा राहू शकतो आणि दोष तुमच्या लाइटचा नसतो.

शटरचा हा उपाय दोन ठिकाणी तोकडा पडतो. एक म्हणजे स्लो मोशन: १२० फ्रेमला शटर १/१२० पेक्षा हळू होऊ शकत नाही, त्यामुळे एक पूर्ण ठोका मिळतच नाही. दुसरं, चौकटीत लॅपटॉप किंवा टीव्ही असेल तेव्हा. स्क्रीन ६० हर्ट्झची, लाइट ५० चा. एकाला सांभाळावं तर दुसरा बिघडतो. स्क्रीनला डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर लाइटच मुळातून स्थिर हवा.

घरातला बल्ब: विकत घेतानाच परीक्षा घ्या

सारख्या दिसणाऱ्या दोन ९ वॉटच्या बल्बांत आतून मोठा फरक असू शकतो. एकात वेगळी ड्रायव्हर पट्टी, छोटा ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर असतो. त्यातून एलईडीला बऱ्यापैकी सपाट करंट मिळतो. दुसऱ्यात एलईडीच्याच गोल ॲल्युमिनियम पाटीवर ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) आणि एक-दोन आयसी बसवलेले असतात, फिल्टर अगदी जेमतेम. त्याला बाजारात डीओबी म्हणतात, ड्रायव्हर ऑन बोर्ड. स्वस्त बल्ब आणि फ्लड लाइटमधल्या २३० व्होल्टवर थेट चालणाऱ्या चौकोनी सीओबी चिप (एकाच पाटीवर दाटून बसवलेले अनेक एलईडी) बहुधा याच जातीच्या. व्हिडिओला हेच पट्टे मारतात.

वेष्टनावरून हे कळेलच असं नाही. दुकानात बल्ब लावून दाखवतातच. तेव्हा फोनचा स्लो मोशन चालू करून पाच सेकंद बघा. उजेड धडधडताना दिसला तर परत द्या. सहा बल्ब हवे असतील तर सहाही एकाच खोक्यातले घ्या आणि प्रत्येक तपासा, कारण एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये ड्रायव्हर बदललेला असतो.

डीओबी बल्ब उघडून ब्रिजनंतर मोठा कपॅसिटर लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. कपॅसिटर लावला की ब्रिजनंतरचा दाब (व्होल्टेज) शिखरापाशी, म्हणजे ३२५ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो. आतला लिनियर आयसी जादाचा दाब उष्णतेत जाळतो, तापतो आणि काही तासांत जातो. शिवाय ती पाटी थेट फेजला जोडलेली असते. वरचं प्लास्टिक काढून ट्रेसिंग पेपर चिकटवलेला बल्ब म्हणजे शॉकला उघडं आमंत्रण.

बल्ब डिम करायला भिंतीवरचा पंख्याचा रेग्युलेटर वापरणं ही आणखी एक सवय. साधा बल्ब त्यावर लुकलुकतो, गुणगुणतो आणि लवकर मरतो. ‘डिमेबल’ असं स्पष्ट छापलेलं नसेल तर बल्ब डिम करू नका, मागे न्या. अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण एक चतुर्थांश होतो, आणि यात पट्टा यायचं काही कारणच नाही. लाल इंडिकेटर असलेल्या बटणावर एलईडी बल्ब बंद केल्यावरही मिणमिणतो. तो इंडिकेटरमधून झिरपणारा करंट आहे, त्याचा शूटिंगशी संबंध नाही.

डिमर: खरा चोर

एलईडी पट्टीचं पॅनल बनवणारे बहुतेक जण १२ व्होल्टची पट्टी, १२ व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या विजेतून डीसी देणारा पुरवठा) आणि मधे गोल मुठीचा छोटा डिमर अशी जोडणी करतात. तो डिमर उजेड कमी करत नाही, कापतो. सेकंदाला काहीशे किंवा काही हजार वेळा चालू-बंद करतो आणि चालू राहण्याचा वेळ घटवतो. डोळ्याला ते मंद दिसतं, सेन्सरला तुकडे दिसतात. रिमोटचे डिमरही याच पद्धतीचे.

खात्री करायला मूठ पूर्ण फिरवा. बऱ्याच डिमरमध्ये पूर्ण टोकाला कापणं थांबतं आणि बारीक रेघा गायब होतात. अर्ध्यावर आणताच परत आल्या तर पुरावा मिळाला.

आकड्यात बघा. आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) डिमर म्हणून वापरला तर त्याच्या बहुतेक पिनांवर ही वारंवारता साधारण ४९० हर्ट्झ असते. शटर १/५० ला एका ओळीच्या वाट्याला ९.८ ठोके येतात, म्हणजे कुणाला नऊ, कुणाला दहा. फरक दहा टक्क्यांचा. शटर १/५०० केलं तर एखादाच ठोका, आणि चित्र झेब्र्यासारखं. तीच वारंवारता ३१ किलोहर्ट्झवर नेली तर १/५०० लाही साठेक ठोके येतात आणि फरक दोन टक्क्यांच्या आत राहतो. उनोवर पिन ९ आणि १० च्या टायमरचा विभाजक १ केला की ३१ किलोहर्ट्झ मिळतात. पण तेवढ्या वेगाने मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) चालवायला गेट ड्रायव्हर (त्याला पुरेसा जोर देणारी चिप) हवा. आयआरएफझेड४४एनसारखा मॉस्फेट सरळ पिनला जोडला तर ५ व्होल्टवर तो पुरता उघडत नाही आणि हाताला चटका बसेल इतका तापतो.

डिमरच्या आउटपुटवर नुसता मोठा कपॅसिटर टाकूनही काम होत नाही. प्रत्येक ठोक्याला कपॅसिटर भसकन करंट ओढतो आणि डिमरचा मॉस्फेट जळतो. मधे कॉइल लागते, आणि कॉइल, डायोड, कपॅसिटर सगळं जोडायचं तर मग तयार बक कन्व्हर्टरच (डीसी व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल) घ्यावा. खालची जोडणी तशीच आहे.

पट्टा न येणारं पॅनल, मापांसकट

उजेड देणारा भाग: १२ व्होल्टची ५०५० पट्टी (५ बाय ५ मिलिमीटरच्या एलईडींची), मीटरला ६० एलईडी, मीटरला १४.४ वॉट. ४ मीटर घ्या, एकूण ५७.६ वॉट, ४.८ अँपिअर. ही पट्टी दर ५ सेंटिमीटरला कापता येते. २५ सेंटिमीटरचे १६ तुकडे करा आणि ३० बाय ४० सेंटिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर अडीच सेंटिमीटर अंतराने लावा. साइनबोर्ड बनवणाऱ्यांकडे एसीपीचे (पातळ ॲल्युमिनियम चढवलेल्या शीटचे) उरलेले तुकडे मिळतात. ठाण्यात वागळे इस्टेट आणि नवी मुंबईत तुर्भ्याच्या एमआयडीसी पट्ट्यात विचारा. एसीपी चालतं, पण त्याच्या पोटात प्लास्टिक असतं, उष्णता मागे जात नाही. सलग तासभर लाइट चालणार असेल तर दीड-दोन मिलिमीटरचा साधा ॲल्युमिनियम पत्राच बरा. पट्टीच्या मागचा गोंद उष्णतेत सुटतो, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना सिलिकॉनचा ठिपका द्या.

पुरवठा: जुना पण चांगला लॅपटॉप चार्जर, १९ व्होल्ट ४.७४ अँपिअर, म्हणजे ९० वॉटचा. तो बंदिस्त असतो, आउटपुट चांगला गाळलेला असतो आणि २३० व्होल्ट कुठेही उघडे राहत नाहीत. ६५ वॉटचा चार्जर असेल तर ३ मीटरच पट्टी लावा. हॅलोजनसाठीचा ‘इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर’ मात्र १२ व्होल्ट लिहिलेला असला तरी घेऊ नका. त्यातून एसी (उलटसुलट वाहणारा करंट) येतो आणि त्यावर पुन्हा १०० हर्ट्झची लाट असते.

डिमिंग: एक्सएल४०१५ चिपचे, व्होल्टेज आणि करंट असे दोन स्क्रू असलेले दोन बक मॉड्यूल. मुंबईत लोहार चाळीत पट्टी आणि एसएमपीएस मिळतील, मॉड्यूलसाठी लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं. एका मॉड्यूलवर २ मीटर पट्टी, म्हणजे २.४ अँपिअर. मॉड्यूलवर ५ अँपिअर छापलेलं असतं, पण हीटसिंकशिवाय तीनच्या वर ते फार तापतं, म्हणून दोन. ही चिप १८० किलोहर्ट्झवर चालते आणि पुढे तिची कॉइल नि कपॅसिटर करंट सपाट करतात. कुठल्याच शटरला पट्टा दिसत नाही.

पट्टीच्या प्रत्येक ५ सेंटिमीटरमध्ये तीन एलईडी आणि रेझिस्टर ओळीने असतात. त्यामुळे १२ व्होल्टला पूर्ण उजेड आणि दाब उतरवत साडेआठच्या आसपास नेला की अगदी मंद. मधलं सगळं गुळगुळीत.

आता सेटिंग. पट्टी जोडण्याआधीच हे करायचं. चार्जर लावा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून आउटपुटला जोडा आणि व्होल्टेजचा स्क्रू ५ व्होल्ट येईपर्यंत फिरवा. हा स्क्रू बरेच वेढे फिरतो. पाच-सहा वेढे फिरवूनही आकडा हलत नाही म्हणून मॉड्यूल फेकू नका, फिरवत राहा. मग मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, मीटर आउटपुटच्या दोन टोकांत जोडा आणि करंटचा स्क्रू २.५ अँपिअरवर आणा. हे काम पंधरा-वीस सेकंदांत आटपा. लाल पिन लगेच परत व्होल्टच्या भोकात घाला. ती १० अँपिअरमध्ये विसरली तर पुढच्या मोजणीला शॉर्ट ठरलेला. आता व्होल्टेज १२ वर न्या आणि पट्टी जोडा.

बाहेर मूठ हवी असेल तर व्होल्टेजचा स्क्रू असलेला निळा भाग काढून त्या जागी वायर घालून पॅनल पॉट (मुठीने फिरवायचा रेझिस्टर) बसवतात. निळ्या भागावरचा आकडा वाचा, बहुधा १०३, म्हणजे १० किलोओहम. इथे एक खाच आहे: पॉट झिजून आतला संपर्क सुटला तर मॉड्यूल आउटपुट वर ढकलतं आणि पट्टीवर पूर्ण १९ व्होल्ट येऊ पाहतात. तेव्हा २.५ अँपिअरची मर्यादाच पट्टी वाचवते. म्हणून ती ‘नंतर करू’ म्हणून सोडायची नाही. शिवाय मूठ पूर्ण फिरवल्यावर १२ च्या वर जात नाही ना, ते मीटरने बघा. जात असेल तर मुठीवर थांबा लावा.

दुसरी खाच आणखी फसवी. या मॉड्यूलमध्ये करंट मोजणारा रेझिस्टर निगेटिव्हच्या वाटेवर असतो, त्यामुळे इनपुटचा निगेटिव्ह आणि आउटपुटचा निगेटिव्ह हे एकच टोक नाही. वायर वाचवायला दोन्ही अर्ध्यांचे निगेटिव्ह एकत्र बांधले, किंवा पट्टीचा निगेटिव्ह सरळ चार्जरला जोडला, तर करंटची मर्यादा बिघडते किंवा निकामीच होते. लाइट पेटतो, सगळं ठीक वाटतं, आणि महिन्याभरात एका बाजूचे एलईडी पिवळट पडतात. दोन अर्ध्यांच्या चार वायरी शेवटपर्यंत वेगळ्या ठेवा.

एवढा खटाटोप नको असेल तर डिमर काढून टाका, १२ व्होल्टचा एसएमपीएस ठेवा आणि पॅनलच्या चार ओळींना एक असे चार स्विच लावा. पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. मुलाखतीच्या कामाला इतकं पुरतं. खरं सांगायचं तर निम्म्या लोकांना मुठीपेक्षा हेच सोयीचं पडतं.

एक टोक पिवळट-मंद, किंवा हात लागला की लुकलुक

हे पट्टे नव्हेत, दाब गळतोय. ५ मीटरचं पूर्ण रीळ ६ अँपिअर खातं. एसएमपीएस ५ मीटर लांब ठेवून ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर ओढली तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं, साधारण ०.२३ ओहम. हिशोबाने सव्वा व्होल्टच्या वर वाटेतच जातो. १२ मधला सव्वा ऐकायला किरकोळ वाटतो, पण तीन एलईडींनी नऊ-साडेनऊ व्होल्ट घेतल्यावर रेझिस्टरच्या वाट्याला अडीच-तीनच उरतात आणि करंट त्यावरच ठरतो. त्यातला सव्वा गेला की उजेड डोळ्याला कळण्याइतका पडतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्या, गळती ०.४ व्होल्टवर येते. त्याहून चांगलं म्हणजे लांब अंतर १९ व्होल्टने कापा आणि बक मॉड्यूल पॅनलच्या पाठीवर बसवा. पट्टीला दोन्ही टोकांकडून पुरवठा द्या. तांब्याचा पातळ थर तिच्यातही असतोच.

मोजायचं ते लाइट चालू असताना, आणि पट्टीच्या शेवटच्या टोकाला. बंद लाइटवर १२.० दाखवणारा मीटर काहीच सांगत नाही.

गोल डीसी जॅक ५ अँपिअरच्या वर तापतो, आतली स्प्रिंग ढिली पडते आणि स्टँड हलला की लाइट उडतो. जास्त करंटला एक्सटी६० (घट्ट बसणारा कनेक्टर) किंवा स्क्रूचे टर्मिनल वापरा. पट्टी जोडायच्या प्लास्टिकच्या क्लिपा तर शूटिंगच्या सामानात ठेवूच नयेत. पावसाळ्यात, विशेषतः वाशी, ऐरोलीसारख्या खाडीकाठच्या भागात, त्यांच्या पात्यांवर हिरवट थर चढतो आणि चार ओळी मधेच विझतात. झाळा (सोल्डर करा) आणि वरून हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. झाळताना पट्टीच्या तांब्याच्या ठिपक्यावर आधी थोडं कथील घ्या, मग वायर टेकवा. दोन-तीन सेकंदांच्या वर सोल्डरिंग आयर्न टेकलं तर ठिपका उखडतो.

सेकंदाला एक-दोनदा अख्खं पॅनल पेटतं-विझतं तेव्हा एसएमपीएस ओव्हरलोड होऊन स्वतःला बंद करतोय, किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. १० अँपिअरच्या एसएमपीएसवर ८ च्या वर लोड ठेवू नका. जाळीच्या धातूच्या एसएमपीएसला अर्थिंग जोडलंच पाहिजे, आणि टर्मिनलवर झाकण हवं. घरात लहान मूल असेल तर तो डबा वापरूच नका, बंद ॲडॅप्टर घ्या.

जे फ्लिकर वाटतं पण नसतं

छताचा पंखा. मिनिटाला ३०० फेरे, तीन पाती, म्हणजे सेकंदाला १५ वेळा बल्ब आणि चेहरा यांच्यामधून सावली जाते. शटर काहीही ठेवा, जात नाही. पंखा बंद करा किंवा लाइट पात्यांच्या खाली आणा. उकाड्यात पाहुण्याला पंखा हवाच असेल तर टेबल फॅन चौकटीबाहेर ठेवा, आवाज माइकला लागणार नाही इतका लांब.

ऑटो एक्स्पोजर. पांढरा शर्ट घातलेला माणूस जरा हलला की चित्र हळूहळू उजळतं-मंदावतं. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) लॉक करा.

एसी किंवा पाण्याचा पंप सुरू होताना सगळे दिवे एकदाच दबतात. त्याला पट्टा नसतो आणि तो परत लगेच होत नाही. डीओबी बल्ब जास्त दबतात. लॅपटॉप चार्जरवरचं पॅनल ढिम्म राहतं, कारण तो १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही चालतो.

सीओबी आणि रंग, थोडक्यात

१०० वॉटची साधी सीओबी चिप ३० ते ३४ व्होल्टवर ३ अँपिअर घेते. तिच्यात पट्टीसारखे रेझिस्टर नसतात. नुसता ठरावीक व्होल्टेज दिला तर चिप तापते, तापली की तिचा दाब उतरतो, करंट वाढतो, ती आणखी तापते आणि जाते. तिला करंट मर्यादा असलेलाच ड्रायव्हर हवा, आणि मागे कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा कूलर, थर्मल पेस्टसकट. कूलरचा पंखा डिमरच्या पुढे जोडलात तर तो किणकिणतो आणि अर्ध्या उजेडावर थांबतो; त्याला वेगळी १२ व्होल्टची लाइन द्या. ७-८ व्होल्टवर चालवला तर आवाज बराच कमी होतो, पण चिपचं तापमान तपासल्याशिवाय तसं करू नका.

चेहरा हिरवट किंवा मेलेला दिसतो तो फ्लिकर नाही, पट्टीचा सीआरआय (उजेड रंग किती खरे दाखवतो याचा आकडा) कमी आहे. ८० च्या पट्टीत लाल कमी पडतो आणि सावळी त्वचा राखी दिसते. ९० च्या वरची पट्टी घ्या. व्हाइट बॅलन्सने हिरवट झाक थोडी जाते, नसलेला लाल परत येत नाही. आधीच घेतलेल्या पट्टीवर हलकं मजेंटा जिलेटिन (गुलाबी-जांभळा पारदर्शक पापुद्रा) लावून वेळ निभावते.

नाकाची सावली एकाऐवजी सहा दिसत असेल तर ट्रेसिंग पेपर पट्टीला चिकटून लावलाय. तो १० ते १५ सेंटिमीटर पुढे, लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर ताणा. सेटवर लाइट दादा ज्याला स्किमर म्हणतात त्याचंच हे घरगुती रूप. कागद सीओबीच्या जवळ नेऊ नका, तपकिरी पडतो आणि पेटूही शकतो.

पॅनल तयार झालं की एक तास पूर्ण उजेडावर चालू ठेवा. दर पंधरा मिनिटांनी पट्टीच्या शेवटच्या टोकाचा दाब मोजा. लाइट बंद करून पत्र्याच्या पाठीला हात लावा. पाच सेकंद हात ठेवता येत नसेल तर ओळी कमी करा किंवा व्होल्टेज साडेअकरावर आणा. तासाच्या शेवटी २४० फ्रेमची क्लिप पूर्ण, अर्ध्या आणि सगळ्यात मंद उजेडावर घ्या. थंड पॅनलवर न दिसणारी लुकलुक याच क्लिपमध्ये सापडते, आणि ती बहुधा एखाद्या कच्च्या झाळीची असते.